कोल्हापूरची कलम

गाण्याचे घराणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अल्लादिया खाँसाहेब १८९५ साली कोल्हापुरास आले, शाहू महाराजांच्या आश्रयास राहिले, आणि तेव्हापासून जयपूर-अत्रौली गायकीचे नाव त्या गावाशी जडले ते जडलेच. तान ऐकताच घराणे ओळखणारे रसिक आपल्याकडे खेड्यापाड्यांतही भेटतात. परंतु चित्रालाही घराणे असते, आणि त्याच कोल्हापुरात, त्याच राजाच्या छायेत, चित्रकलेचे एक घराणे नांदत होते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते. उत्तरेत चित्राच्या घराण्याला कलम म्हणतात; कांगड्याची कलम, किशनगढची कलम असे बोलले जाते. त्या न्यायाने कोल्हापूरची कलम असे म्हणावयास काय हरकत आहे?

आपल्या भाषेत कलम ह्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो ह्या इतिहासाला अधिकच लागू पडतो. गावठी आंब्याच्या खुंटावर परगावची डहाळी बांधली की तिलाही आपण कलम म्हणतो. खुंट जमिनीतून रस ओढतो, फळ मात्र डहाळीच्या जातीचे येते. कोल्हापुरात झाले ते असेच. खुंट इथल्या सुताराचा, लोहाराचा, अक्षरे कोरणाऱ्याचा आणि मूर्ती घडविणाऱ्याचा. डहाळी विलायती, यथार्थ दर्शनाची, छायाप्रकाशाची, तैलरंगांची. ही डहाळी मुंबईस १८५७ साली स्थापन झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून आली. पण मुंबईत ती कुंडीत वाढली. कोल्हापुरात तिला खुंट मिळाला.

ह्या घराण्याचे मूळ पुरुष म्हणजे आबालाल रहिमान. त्यांचा जन्म १८६० च्या सुमाराचा. घराण्यात कुराणाच्या प्रती सुंदर अक्षरांत उतरून काढण्याची परंपरा होती. बोरूचे वळण ज्याच्या रक्तात आहे त्याच्या हाती कुंचला आला म्हणजे काय होते, ते आबालालांच्या जलरंगांत पाहावे. जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण घेतलेल्या कोल्हापूरच्या पहिल्या काही मंडळींपैकी ते एक. तिथे नाव मिळविलेला माणूस मुंबईतच दुकान थाटून बसला असता तर शेठ-सावकारांची व्यक्तिचित्रे करून सुखाने राहिला असता. ते परत गावी आले. १८९४ साली शाहू महाराज गादीवर बसले आणि त्यांनी ह्या अबोल, विरागी वृत्तीच्या चित्रकाराला दरबारचा आश्रय दिला. महाराजांनी त्यांच्यावर कसले बंधन घातले नाही, हा आश्रयदात्याचा मोठेपणा; आणि त्यांनी महाराजांकडे फारसे काही मागितले नाही, हा आश्रिताचा.

आबालालांनी व्यक्तिचित्रे केली, जनावरे रंगविली. पण त्यांचा जीव रमला तो निसर्गात. रंकाळ्याचे पाणी, त्यात पावसाळ्यात बुडून उन्हाळ्यात पुन्हा वर येणारा संध्यामठ, पंचगंगेचा काठ, आणि ज्याच्या आसऱ्याला ते राहत तो कोटितीर्थाचा तलाव, हीच त्यांची क्षेत्रे. त्यांना हिमालय लागला नाही, ताजमहाल लागला नाही. एकच पाणी ते सकाळी रंगवीत, दुपारी रंगवीत, दिवेलागणीला रंगवीत. लहान लहान स्पर्शांनी, ठिपक्याशेजारी ठिपका ठेवीत, कागदावर हवा उभी करण्याची त्यांची तऱ्हा होती. त्याच काळात फ्रान्समधले चित्रकार उन्हाच्या अशाच विघटनामागे लागले होते, म्हणून कित्येक जण आबालालांना त्यांच्या पंक्तीत बसवितात. बसवावे, पण त्यासाठी आबालालांनी पॅरिसकडे पाहिले असले पाहिजे असे नाही. रंकाळ्यावर उतरणारे ऊन ज्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे त्याला ते ठिपके पाण्यानेच शिकविले असतील.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज वारले. आबालालांचा आधार तुटला. कोल्हापुरात असे सांगतात की, दुःखाच्या भरात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. दंतकथेत आकडा फुगतो, तसा ह्या कथेतही कोणी शेकडा म्हणतो, कोणी हजार. आकडा कितीही असो, ज्या पाण्याची चित्रे काढली त्याच पाण्याला ती परत दिली, ही कल्पना लोकांनी शंभर वर्षे उराशी धरली आहे. आणि लोक एखाद्या चित्रकाराविषयी अशी कथा जपून ठेवतात तेव्हा त्यांनी त्याला आपला मानलेला असतो. २८ डिसेंबर १९३१ रोजी आबालालांनी देह ठेवला. जे वाचले त्यातले काही आज कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते.

आबालाल एकटेच असते तर त्यांना थोर चित्रकार म्हणून आपण मोकळे झालो असतो, घराणे म्हटले नसते. घराणे झाले ते दुसऱ्या एका घरामुळे. कृष्णराव मेस्त्री हे कोल्हापूरचे कारागीर. सुतारकाम आणि लोहारकाम हा धंदा. पण लाकूड, दगड, हस्तिदंत, रंग ह्यांपैकी जे हाती येईल त्यावर त्यांचा हात चाले, आणि हे सारे ते स्वतःच शिकले होते. त्यांचे चिरंजीव बाबूराव ३ जून १८९० रोजी जन्मले. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव ह्या दोघांनी चित्रकला हाच व्यवसाय धरला, आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. मेस्त्री हे आडनाव मागे पडले, पेंटर हेच राहिले. पाटील, कुलकर्णी, जोशी ही आडनावे जशी कामावरून पडली तसेच हेही पडले. फरक इतकाच की, ते एका पिढीत पडले. ज्या गावात रंगाऱ्याचे काम आडनाव होण्याइतके मानाचे ठरते, त्या गावात चित्रकला रुजली आहे असे खुशाल समजावे.

ह्या दोघा भावांनी पोटासाठी काय केले? नाटकांचे पडदे रंगविले. ते संगीत नाटकाच्या ऐन भराचे दिवस होते. मंडळ्या गावोगाव फिरत आणि त्यांच्याबरोबर पडद्यांच्या गुंडाळ्या आगगाडीने जात. महालाचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, देवळाचा पडदा! पडदा उघडताच नट रंगभूमीवर येण्यापूर्वीच टाळ्या पडत, त्या रंगाऱ्याच्या असत. आनंदराव-बाबूरावांच्या पडद्यांची कीर्ती कोल्हापूरबाहेर पसरली होती.

पडद्याचे काम हे चित्रकाराची मोठी शाळा आहे. कापडाचे पट्टे शिवून एक अजस्र कापड तयार करावयाचे, ते ताणावयाचे, सरस आणि खडू ह्यांचा हात देऊन त्याची भोके बुजवावयाची, आणि मग सरसात कालवलेल्या भुकटीच्या रंगांनी ते भरून काढावयाचे. हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. तेव्हा हाताखाली दिसते ते खोटे आणि उद्या दिसेल ते खरे, असा हिशेब मनाशी धरून काम करावे लागते. बरे, जवळून पाहावे तर नुसते फरांटे. खांबांची रांग खोल गेलेली दिसते ती चाळीस हात दूर बसलेल्याला. त्यातून तो प्रेक्षक गॅसबत्तीच्या उजेडात पाहणार. दूरचे अंतर, उजेडाची दिशा आणि वाळल्यावरचा रंग ह्या तीन गोष्टी ज्याच्या हातात बसल्या, त्याला पुढे कसलेच चित्र अवघड गेले नाही.

येथे थोडे बाहेर पाहू. रशियात १८७० साली काही चित्रकारांनी राजधानीच्या कला अकादमीपासून फारकत घेऊन फिरत्या प्रदर्शनांची संस्था काढली. चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यातून निघून गावोगावच्या माणसाला दिसले पाहिजे, हा त्यांचा बाणा. त्यांच्या परंपरेतला आयझॅक लेव्हिटान हा रशियन निसर्गचित्रकारांचा मुकुटमणी, १८६० साली जन्मलेला, म्हणजे आमच्या आबालालांचा समवयस्क. व्होल्गेचा काठ, संध्याकाळचे पाणी, एकाकी मठ हेच त्याचेही विषय. आणि १८८५ साली साव्वा मामोन्तोव ह्या धनिकाने मॉस्कोत खासगी ऑपेरा काढला, तेव्हा तिच्यासाठी पडदे आणि देखावे रंगविणाऱ्यांत हाच लेव्हिटान होता. तेथल्या कलेच्या इतिहासात हे अभिमानाने लिहिले जाते. कोणी असे म्हणत नाही की, लेव्हिटानने पडदे रंगविले म्हणून तो कमअस्सल. आपल्याकडे मात्र चौकटीतले चित्र ती कला आणि पडद्यावरचे ते रंगकाम, असा भेद पुष्कळ दिवस चालला. खरे पाहता जी गोष्ट रशियनांच्या फिरत्या प्रदर्शनांनी केली तीच आपल्याकडे नाटक मंडळ्यांच्या पडद्यांनी केली. ज्याने जन्मात चित्रांचे प्रदर्शन पाहिले नाही अशा माणसाने यथार्थ दर्शनाचा चमत्कार पहिल्यांदा पाहिला तो पिटात बसून.

पडद्यापासून पडद्याकडे, म्हणजे नाटकाच्या पडद्यापासून सिनेमाच्या पडद्याकडे जाणे मग ओघानेच आले. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली निघाला आणि ह्या दोघा भावांना हलत्या चित्राचे वेड लागले. कॅमेरा विकत घेण्याचे बळ नव्हते, तेव्हा कॅमेरा घडवावयाचा असे ठरले. आनंदराव १९१६ साली अकाली वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. लोहार-सुताराच्या घरातला हात तो. त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने खटपट करून कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला. तानीबाई कागलकरांनी भांडवल दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. तो चित्रपट पाहून लोकमान्यांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ म्हटले, असे सांगतात. १९२५ च्या ‘सावकारी पाशा’त कर्जात बुडालेला शेतकरी आला, त्याची भूमिका करणारा तरुण म्हणजे पुढचे व्ही. शांताराम.

चित्रपटाच्या इतिहासकारांनी ही हकीगत पुष्कळदा सांगितली आहे. मला येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, हा सारा चित्रकारांचा उद्योग होता. बाबूराव प्रसंग आधी कागदावर रेखाटीत आणि मग नटांना उभे करीत. जाहिरातीची भित्तिपत्रकेही तेच रंगवीत. १९२४ च्या ‘कल्याणचा खजिना’ ह्या मूकपटाचे त्यांचे पत्रक आपल्या देशातील सर्वांत जुन्या शिल्लक राहिलेल्या चित्रपट-पत्रकांत गणले जाते. पेणचे विष्णुपंत दामले आणि कागलचे साहेबमामा फत्तेलाल हे दोघे ह्याच कारखान्यात रंग कालवीत तयार झाले. १९२९ साली ते आणि शांताराम बाहेर पडले, त्यांनी प्रभात कंपनी काढली, आणि १९३३ साली ती पुण्यास नेली. दामले-फत्तेलालांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ मुंबईत सत्तावन्न आठवडे चालला आणि पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. त्यातले घर, अंगण, रस्ता, पाणवठा निरखून पाहावे. नेपथ्य कुठे ओरडत नाही. उजेड नेमका जिथे पडावयास हवा तिथे पडतो. रंकाळ्याच्या काठी वाढलेली नजरच तिथे काम करीत आहे.

ह्या नावांची यादी एकदा दुसऱ्या दृष्टीने वाचावी. आबालाल आणि फत्तेलाल मुसलमान, बाबूराव सुतार-लोहाराच्या घरचे, दामले ब्राह्मण, आणि पुढच्या पिढीत जी. कांबळे. ज्या राजाने १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्याच्याच गावात हे घडावे हा योगायोग नव्हे. कारखान्यात जात विचारून रंग कालवता येत नाही. सरस लागला की लागला. हे जी. कांबळे कोल्हापूरचेच. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते चित्रपटांची भव्य चित्रे रंगविण्यात नामांकित झाले. शाळाशाळांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर शिवछत्रपतींचे जे शासनमान्य चित्र आहे ते त्यांचे. आमच्या भोर तालुक्यात, भोंगवलीसारख्या गावात, चित्रकाराचे नाव कोणाला विचाराल तर सांगता येणार नाही. पण डोळे मिटून महाराज आठवा म्हटले की दिसते ते कांबळ्यांनी काढलेले रूप. एखाद्या घराण्याचा वारसा ह्याहून खोल कुठे पोचावयाचा?

आबालालांचे निसर्गचित्रणही थांबले नाही. दत्तोबा दळवी, बाबा गजबर, गणपतराव वडणगेकर, रवींद्र मेस्त्री, चंद्रकांत मांडरे अशी ती मालिका आहे. चंद्रकांत लोकांना ठाऊक ते रुपेरी पडद्यावरचे शिवाजी महाराज म्हणून. पण नटाचा वेष उतरला की ते निसर्गचित्रे करीत बसत, आणि भुकटीच्या रंगाने छटा देण्याच्या पद्धतीत त्यांचा हातखंडा होता. राजारामपुरीतले आपले घर आणि तीनशेंहून अधिक चित्रे त्यांनी शासनास दिली. तेथे आज त्यांच्या नावाचे कलासंग्रहालय आहे. दळवींच्या नावाची कलासंस्था आणि कलानिकेतन ह्यांनी शिक्षणाचे काम उचलले. पण खरे शिक्षण गुरूच्या पाठीमागे उभे राहून, पाटी, रंग आणि पाण्याचा डबा घेऊन तळ्याकाठी जाऊनच झाले. आपल्याच गावचा उजेड, आपल्याच गावचे पाणी, आणि हाती पडेल त्या कामाला नाही न म्हणणारा हात, ही ह्या कलमेची लक्षणे.

घराण्याचे गुण सांगितले, तसे दोषही सांगितले पाहिजेत. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह मंडळींनी नव्या चित्रकलेचा झेंडा उभारला, तेव्हा कोल्हापूरने त्याकडे बव्हंशी पाठ फिरविली. दिसते तसे काढण्यावर इतकी भक्ती जडली की, दिसते त्यापलीकडे जाण्याची गरज पुष्कळांना भासली नाही. पुढे पुढे रंकाळाही पाठ झाला. सूर्यास्त कोणत्या रंगाने काढावा हे सूर्याकडे न पाहता कळू लागले, आणि कित्येकांची चित्रे दिनदर्शिकेच्या चित्रांसारखी गोड झाली. दुसरा दोष अधिक घातक. ह्या मंडळींनी काम केले, लिहून ठेवले नाही. मुंबईच्या धुरंधरांनी, तेही जन्माने कोल्हापूरचेच, आपल्या आठवणी ग्रंथरूपाने मागे ठेवल्या. म्हणून त्यांच्या काळची जे. जे. आपल्याला डोळ्यांसमोर आणता येते. कोल्हापूरच्या कारखान्यातले बोलणे मात्र कारखान्यातच विरले.

आणि ज्यावर काम केले ते तरी टिकाऊ होते का? पडदे गुंडाळ्यांत कुजले, उंदरांनी खाल्ले. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट अशा फितीवर होते की जी आपोआप झिजते आणि ठिणगी लागली की भडकते. ते जवळजवळ सगळे नाहीसे झाले. शेतकऱ्याचे दुःख प्रथम पडद्यावर आणणारा तो मूक ‘सावकारी पाश’ आज कोणाला पाहता येत नाही. आबालालांची चित्रे पाण्यात गेली, बाबूरावांची आगीत आणि कसरीत गेली. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेले पॅलेस थिएटर, म्हणजे अलीकडचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पेटले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. बघावयास जमलेली माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. इमारती पुन्हा उभ्या करता येतात. पण आपल्याजवळ काय होते ते जळाल्यावरच मोजावयास बसण्याची जी आपली खोड आहे, तिला काय करावे?

ह्या घराण्याची शेवटची फांदी गावोगावच्या रंगाऱ्यांची. कोल्हापूरला न गेलेल्या, बाबूरावांचे नाव न ऐकलेल्या ह्या माणसांच्या हाताला वळण त्यांचेच होते. यात्रेतल्या नाटकाचा पडदा, देवळाच्या भिंतीवरचा गजेंद्रमोक्ष, दुकानाची पाटी, शाळेच्या भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा हे सारे त्यांनी रंगविले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणकावर छापलेले फलक आले आणि हा हात रिकामा झाला. भोरच्या बाजारपेठेत काय किंवा सारोळ्याच्या नाक्यावर काय, आज वाढदिवसाच्या फलकावर जे चेहरे लटकतात ते कोणी काढलेले नसतात. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. बाबूरावांनीच तर यंत्र घरी घडविले. फरक हा की, त्यांनी यंत्राला आपली नजर शिकविली.

म्हणून ह्या वारशाचे जतन फक्त कोल्हापूरच्या संग्रहालयावर टाकून चालणार नाही. आपल्या गावातला जो कोणी जुना रंगारी अजून हयात असेल, त्याच्याजवळ बसून सरस कसा शिजवीत, पडदा कसा ताणीत, वाळल्यावरचा रंग ओल्यात कसा ओळखीत, हे कोणीतरी लिहून घेतले पाहिजे. देवळाच्या भिंतीला नवा चुना देण्यापूर्वी जुन्या चित्राचे छायाचित्र घेऊन ठेवले पाहिजे. आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना वर्षातून चार वेळा तरी वर्गाबाहेर नेऊन नीरेच्या काठी बसविले पाहिजे. त्यातून आबालाल निघेल असे नाही. पण सकाळचे पाणी आणि संध्याकाळचे पाणी एक नसते, एवढे जरी त्यांच्या डोळ्यांना कळले, तरी खुंट जिवंत राहील. मग डहाळी कुठूनही आणता येते.